पेटीवर झेल्डा शिकवा, पण नीट शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्टी लागली की कोल्हापुरातल्या पेटी, कीबोर्ड आणि बासरीच्या वर्गांत नवी मुलं येतात. हल्ली त्यांतली काही पहिल्याच दिवशी एखादी धून वाजवून दाखवतात आणि विचारतात, "ही पुढं शिकवाल का?" धून सिनेमातली नसते, व्हिडिओ गेममधली असते. त्यावर शिक्षकांची दोन उत्तरं ठरलेली. एक, "असलं काही इथं चालायचं नाही, आधी अलंकारांचा, म्हणजे ठरावीक स्वरक्रमांचा, सराव." दुसरं, "वाजव तुझं तू, तासानंतर." दोन्ही उत्तरांनी मुलाचं नुकसान होतं. धून शिकवावी, आणि बंदिश शिकवताना जेवढा काटेकोरपणा ठेवतो तेवढाच ठेवून शिकवावी. ती कशी शिकवायची, मुलं कुठं चुकतात आणि का चुकतात, हे वर्ग घेणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा तपशिलानं लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे, पण स्वर आणि मात्रा दिल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

सगळे गेम घ्यायचे तर पुरवणी लागेल, म्हणून एकच मालिका घेतो: 'द लेजंड ऑफ झेल्डा'. निन्टेंडो या जपानी कंपनीनं तिचा पहिला भाग 21 फेब्रुवारी 1986 रोजी काढला. 2026 मध्ये तिला 40 वर्षं झाली. मूळ संगीत कोजी कोंडो यांचं. त्यांचीच 1985 ची 'सुपर मारिओ'ची धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2023 साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. गेमसाठी केलेलं संगीत त्या नोंदवहीत जाण्याची ती पहिलीच वेळ. 'याला संगीत म्हणायचं का' हा प्रश्न आता मागं पडायला हरकत नाही.

झेल्डा निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. या मालिकेत खेळणारा नुसतं संगीत ऐकत नाही, तो वाजवतो. 1998 च्या 'ऑकॅरिना ऑफ टाइम' या भागात नायकाच्या हातात ऑकॅरिना हे फुंकवाद्य असतं आणि रिमोटवरच्या पाच बटणांना पाच स्वर दिलेले असतात. पांढरी दोनला, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरला तर ते स्वर होतात सा, कोमल ग, प, शुद्ध ध आणि तार सा. पेटीवर बोटं ठेवून बघा: पांढरी दोन, चार, सहा, सात आणि वरची दोन. एकही काळी पट्टी नाही. शिवरंजनी रागातला रे काढून टाकला की जे उरतं ते हे. या पाच स्वरांत कोंडोंनी बारा धुना बसवल्या आणि प्रत्येक धून दुसरीपासून सहज वेगळी ओळखू येते. नवशिक्याला पाचच स्वर देऊन बारा वेगळ्या चाली बांधून दाखवणं सोपं नाही. ज्यांनी कधी लहान मुलांसाठी चाल लावली आहे त्यांना यातलं कसब लगेच कळेल.

शिवाय त्या ऑकॅरिनाला मींड आहे. रिमोटवरची काठी वर-खाली केली की स्वर घसरत चढतो-उतरतो, एक बटण दाबलं की अर्धा स्वर वर, दुसरं दाबलं की अर्धा स्वर खाली. पेटीला जे जमत नाही ते गेममधल्या वाद्याला जमतं, आणि मुलांच्या कानांना त्याची सवय असते. म्हणूनच पेटीवर तीच धून वाजवली की काही मुलं "तसं वाटत नाही" म्हणतात. त्यांचा कान बरोबर असतो. अशा मुलाला मींड म्हणजे काय हे तिथल्या तिथं गाऊन दाखवावं.

आता चूक कुठं होते ते बघू. सहा मुख्य धुनांत प्रत्येकी तीन स्वर असतात आणि ते दोनदा वाजवायचे असतात. वादळाच्या धुनेचे सा ग सां, काळाच्या धुनेचे प सा ग, घोडीला बोलावण्याच्या धुनेचे सां ध प, सूर्याच्या धुनेचे प ग सां, रानातल्या मैत्रिणीच्या धुनेचे ग प ध, आणि झेल्डाच्या अंगाईचे ध सां प. (सां म्हणजे तार सा. ग सगळीकडे कोमल.) गेम फक्त स्वरांचा क्रम तपासतो. लय तपासत नाही. हळू वाजवा, घाईनं वाजवा, मध्ये थांबा, क्रम बरोबर असला की गेम धून मान्य करतो आणि पुढची पूर्ण चाल स्वतःच वाजवून दाखवतो. परिणाम असा की मुलाला स्वर तोंडपाठ असतात आणि मात्रा एकही माहीत नसते. वर्गात ते मूल सा ग सां, सा ग सां असं ठोकळ्यासारखं वाजवतं. शिक्षकाला वाटतं धूनच तशी कोरडी आहे. धून कोरडी नाही, तिची लय शिकवायची राहिली आहे.

वादळाची धून, म्हणजे 'साँग ऑफ स्टॉर्म्स', आपल्याकडं दादरा या सहा मात्रांच्या तालात नेमकी बसते, पण बसवताना एक फसगत ठरलेली आहे. मूळ चाल तीन-तीन ठोक्यांची, वॉल्ट्झच्या चालीची. एका ठोक्यात दोन स्वर येतात म्हणून पहिल्या तुकड्याचे सहा अर्धे भाग होतात आणि तबलजी 'सहा म्हणजे दादरा' म्हणून तेवढ्याच तुकड्यावर पूर्ण आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, लावतो. मग दादऱ्याचे तीन-तीनचे दोन खंड आणि चालीचे दोन-दोनचे तीन भाग एकमेकांना छेद देत राहतात. ऐकणाऱ्याला काहीतरी अडखळतंय एवढंच कळतं. उपाय साधा आहे: चालीचा एक ठोका म्हणजे दादऱ्याची एक मात्रा धरा. एक तुकडा तीन मात्रांचा, दोन तुकडे मिळून एक आवर्तन.

पहिलं आवर्तन: पहिल्या मात्रेत साग, दुसऱ्या-तिसऱ्यावर लांब सां, चौथ्या मात्रेत पुन्हा साग, पाचव्या-सहाव्यावर सां. दुसरं आवर्तन: तार रे दीड मात्रा, मग अर्ध्या मात्रेत तार ग, तिसऱ्या मात्रेत रेंगं, चौथीत रेंनि (नि मध्य सप्तकातला), पाचव्या-सहाव्यावर प. तिसरं: प, सा, गम, आणि मग प पूर्ण तीन मात्रा. चौथं: प, सा, गम, आणि शेवटी मध्य रे तीन मात्रा. ग आणि नि कोमल, बाकी शुद्ध. चार आवर्तनांत चाल पूर्ण होते. पांढरी दोनवरून सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या, म्हणजे काफी थाटाची (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरसाचा) ओळख आपोआप होते. थाटांचं कोष्टक पाठ करून घेण्याऐवजी ही धून हातात बसवून 'आता तू वाजवलंस तो काफी थाट' असं सांगितलेलं मूल विसरत नाही.

या चालीत हाताची चूक एकच आणि ती सगळे करतात. साग वाजवून सां वर उडी मारली की हात लगेच खालच्या सा कडं पळतो, कारण पुढचा तुकडा तिथून सुरू व्हायचा असतो. त्यामुळं दोन मात्रांचा सां एकच मात्रा लागतो आणि चाल लंगडते. लहान हातात सप्तक मावत नाही हे त्याचं मूळ. अंगठा सा वर, तर्जनी कोमल ग वर ठेवून करंगळी ताणण्यापेक्षा, ग वाजताच अंगठा सोडून द्यावा आणि अख्खा हात सरकवून करंगळीनं सां धरावा. सां चालू असताना मोठ्यानं 'दोन, तीन' मोजायला लावावं. भाता मात्रेवर हाणू नये. मुलं ठेक्याबरोबर भाता मारतात आणि प्रत्येक सां मध्येच फुगतो.

झेल्डाची अंगाई 1991 च्या भागापासून मालिकेत आहे आणि शिकवायला सगळ्यांत गोड तीच. इथं मात्र सा बदलतो. गेममध्ये ती ध सां प अशी वाजते, कारण तिथं सा पांढरी दोनचा धरलेला आहे. चालीचा स्वतःचा सा पांढरी पाच आहे. तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी दोनवर ठेवून ही अंगाई वाजवली तर एकही स्वर बेसूर लागत नाही, आणि तरी ती कुठंच टेकत नाही. अ‍ॅप पांढरी पाचवर आणा, तेच तीन स्वर ग प रे होतात आणि चालीला घर मिळतं. 'सा कुठं' हा प्रश्न मुलाला समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. पट्ट्या त्याच, बोटं तीच, फक्त खालचा खर्ज बदलला.

पूर्ण चाल अशी. तीन-तीन मात्रांचे आठ तुकडे: ग दोन मात्रा आणि प एक, रे दोन मात्रा आणि शेवटच्या मात्रेत सारे, पुन्हा ग दोन आणि प एक, रे तीन. मग ग दोन, प एक. तार रे दोन, तार सा एक. प दोन, शेवटच्या मात्रेत मग. आणि रे तीन. सगळे शुद्ध, ध आणि नि नाहीतच. सहाव्या तुकड्यात प वरून एकदम तार रे ची उडी आहे, तीच या चालीचा जीव. मुलं तिथं मधले स्वर भरतात. भरू देऊ नये.

2011 च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड' या भागाची मुख्य धून म्हणजे हीच अंगाई उलटी वाजवलेली आहे. वर दिलेले स्वर शेवटाकडून वाचा: रे ग म प सां रें प ग, रे प ग रे, सा रे प ग. मोठ्या मुलांना आधी हे कागदावर उलटं लिहायला लावावं आणि मग वाजवायला. तसंच 2000 सालच्या 'मेजोराज मास्क'मध्ये काळाची धून प सा ग अशी वाजवली की वेळ मागं जाते, उलटी ग सा प वाजवली की वेळ मंदावते, आणि प प, सा सा, ग ग असा प्रत्येक स्वर दोनदा घेतला की वेळ पुढं उडी मारते. आपले पलटे आणि 'सासा रेरे गग'चे अलंकार यांहून वेगळे काय आहेत? जे मूल अलंकारांना कंटाळतं ते हेच तासभर न कंटाळता करतं, कारण तिथं प्रत्येक पलट्यानं काहीतरी घडतं. 2002 च्या 'विंड वेकर'मध्ये वाद्याऐवजी छडी आहे आणि ती तीन, चार आणि सहा ठोक्यांत फिरवायची असते. टाळीवर मात्रा धरायला शिकवताना त्याची आठवण करून द्यावी, एवढं पुरे.

आता मालिकेची मुख्य धून. जिच्यामुळं पत्र लिहावंसं वाटलं ती हीच.

पहिल्या भागाच्या सुरुवातीला रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराची 'बोलेरो' ही रचना वापरायचं ठरलं होतं. रॅव्हेल 1937 च्या डिसेंबरात वारले, आणि 1986 च्या सुरुवातीला त्या रचनेचे हक्क अजून सुटलेले नव्हते. कोंडोंनी गेममध्ये भटकताना वाजणारी आपलीच धून एका रात्रीत नव्यानं बांधून तिथं बसवली. त्या रात्री काय तयार झालं ते काळी पाचला सा धरून बघा. सुरुवात सा, मग मंद्र प वर लांब मुक्काम, पुन्हा सा, आणि एका मात्रेत चार स्वरांची धाव, सा रे ग म, की थेट प. पुढं प वरून प ध नि या तीन स्वरांच्या धावेनं तार सा. उतरताना सां नि ध, नि ध प. यातले ध आणि नि दोन्ही कोमल, ग मात्र शुद्ध. सा रे ग म प, कोमल ध, कोमल नि: हे चारुकेशी रागाचे स्वर आहेत. कर्नाटक पद्धतीतला सव्विसावा मेळकर्ता (थाटासारखा मूळ स्वरसमूह), जो हिंदुस्थानी संगीतात रुळला. कोंडोंनी चारुकेशी डोळ्यांपुढं ठेवून हे केलं असं आम्ही म्हणत नाही. पाश्चात्त्य हार्मनीत बास सा वरून कोमल नि, कोमल ध असा खाली सरकतो, आणि त्या उतरणीला जुळवून घेताना वरच्या सुरावटीत हे स्वर येतात. वाट वेगळी, मुक्काम एक. परीक्षेच्या अभ्यासात चारुकेशी यायला विद्यार्थ्याला बरीच वर्षं लागतात. या धुनेत तो दहाव्या वर्षी त्याच्या कानात बसलेला असतो. ते ओळखून सांगणं एवढंच शिक्षकाचं काम.

पण पूर्ण धून चारुकेशी नाही, आणि 'राग सापडला' म्हणून तिथंच थांबणारे पुढं फसतात. दुसऱ्या ओळीत म म प ध, प म असं जाऊन ग कोमल लागतो. तिथून गग म प, म ग, म्हणजे कोमल ग चाच मुक्काम. आणि तिसऱ्या तुकड्यात रे रे शुद्ध ग, तीव्र म, वर शुद्ध ध ला स्पर्श करून प. एका धुनेत दोन्ही ग, दोन्ही म, दोन्ही ध. रागाच्या नियमानं हे बसत नाही, बसवूही नये. चाल जिथं जिथं वळते तिथं खालचा आधारच, म्हणजे बास आणि हार्मनी, बदलतो, म्हणून कानाला खटकत नाही. आधार न बदलता, नुसत्या सा-प च्या खर्जावर ही धून वाजवली तर मात्र दुसरी ओळ नक्की खटकते. बेंजोवाल्यांनी हे खास लक्षात घ्यावं. बेंजोच्या खर्जाच्या तारा सतत सा-प गुणगुणत असतात. पहिली ओळ त्यावर झकास लागते. दुसरी ओळ सुरू होताच त्या तारांवर तळहाताची कड टेकवून त्या बंद कराव्यात आणि शेवटच्या प वर पुन्हा सोडाव्यात.

मुलं कानानं उचलताना करतात त्या चुका दोन. पहिली, नि शुद्ध लावणं. बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, हाताला सवयीचा असतो, बोट आपोआप तिकडं जातं. दुसरी चूक लयीची: पहिल्या धावेत मात्रेला चार स्वर आहेत, दुसऱ्या धावेत मात्रेला तीन. दोन्ही एकाच वेगानं वाजवल्या की तार सा ठोक्याच्या आधी तरी पडतो किंवा मागं तरी राहतो. वाजवण्याआधी तोंडानं म्हणून घ्यावं: टाळी देत 'तकदिमि', पुढच्या टाळीला 'तकिट'. पाच मिनिटांचं काम आहे. ते वगळलं तर महिनाभर दुरुस्त होत नाही.

बासरीवर ही धून सुरेख वाजते, कारण तिचा सगळ्यांत खालचा स्वर मंद्र प आहे आणि सहाही भोकं बंद केली की तोच मिळतो. अडचण वर येते. प ध नि सां मधले कोमल ध आणि कोमल नि अर्ध्या भोकानं काढायचे, तेही एका मात्रेत तीन या वेगानं. घाईत बोट पूर्ण उचललं जातं. ध शुद्ध झाला की चारुकेशीचा खमाज होतो, नि पण शुद्ध झाला की बिलावल. आधी निम्म्या लयीत, फक्त हे चार स्वर, आरशासमोर बोट बघत. खरा ऑकॅरिना कुणी मागवला असेल तर त्याचं तंत्र बासरीहून वेगळं आहे हेही सांगावं. बासरीत स्वर हवेच्या नळीच्या लांबीवर ठरतो, ऑकॅरिनात उघड्या भोकांच्या एकूण क्षेत्रफळावर. जोरानं फुंकलं की बासरी वरच्या सप्तकात जाते. ऑकॅरिना सप्तक बदलत नाही, नुसता चढा होतो. म्हणून खालच्या स्वरांना अगदी हलकी फुंक आणि वर जाताना थोडी जास्त. वाजवता वाजवता वरचे स्वर घुसमटले तर वाद्य बिघडलेलं नसतं. फुंकण्याच्या फटीत ओल जमलेली असते. फटीबाहेरची खिडकी बोटानं झाकून एकदा जोरात फुंकावं, पाणी निघून जातं.

मिरवणुकांचं आणि बँडचं हे शहर. बँडपथकांसाठी तर ही धून हाताशी आलेली आहे. मूळ सूर काळी पाच, आणि क्लॅरोनेट, ट्रम्पेट ही वाद्यं बी फ्लॅटचीच. लिहिलेला सी वाजवला की काळी पाच. अल्टो सॅक्सोफोनला लिहिलेला जी. अडचणीच्या जागा दोन. क्लॅरोनेटवर मंद्र प वरून सा वर जाताना 'ब्रेक', म्हणजे खालच्या आणि वरच्या स्वरांमधला सांधा, ओलांडावा लागतो आणि तिथं वाद्य किंचाळतं; प वाजत असतानाच उजव्या हाताची बोटं भोकांवर आधी ठेवून द्यावीत, म्हणजे सा ला फक्त डावा हात हलतो. ट्रम्पेटनं वरच्या सप्तकात हट्टानं वाजवू नये, शेवटचा तार सा नवख्याला झेपत नाही. एक सप्तक खाली घ्यावं. मात्र तिथला मंद्र प पहिल्या आणि तिसऱ्या व्हॉल्व्हवर येतो आणि चढा लागतो, तेव्हा तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी थोडी बाहेर ओढावी.

याहून मोठी गोष्ट वाटणीची आहे. आपल्या बँडची रीत म्हणजे सगळ्यांनी मिळून मुखडाच वाजवायचा. सिनेमाच्या गाण्याला ते शोभतं. ही धून निन्टेंडोच्या ज्या फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी लिहिली त्यात सुरांचे फक्त तीन धागे होते: दोन चौकोनी लहरींचे आणि एक त्रिकोणी लहरीचा, शिवाय एक खरखरीचा, तालासाठी. प्रत्येक धाग्यात एका वेळी एकच स्वर. (जपानमध्ये हा गेम डिस्कवर निघाला, त्या डिस्कयंत्रात आणखी एक धागा होता, परदेशी कार्ट्रिजमध्ये तो नव्हता.) त्रिकोणी धाग्याला आवाज लहानमोठा करण्याची सोयच नव्हती, एक तर चालू नाही तर बंद. इतक्या थोड्यात भागवायचं म्हटल्यावर एकही स्वर फुकट घालवून चालत नव्हतं, म्हणून प्रत्येक धागा स्वतंत्र चालतो. तशीच वाटणी बँडमध्ये करा: एक क्लॅरोनेट मुखड्याला, दुसरा किंवा सॅक्सोफोन दुसऱ्या धाग्याला, युफोनियम बासला, साइड ड्रम खरखरीच्या जागी. ट्रम्पेट फक्त धावांना. पाचच माणसं पुरतात. वीस जणांनी मुखडा एकसुरात वाजवला तर धून मोठी होते, पण पोकळ होते, कारण आधार बदलतो आहे हे सांगणारं कुणी उरत नाही.

शेवट कसा करायचा, हा प्रश्न प्रत्येक पथकाला पडतो. गेमच्या धुनेला शेवट नसतो. 1932 साली याच शहरातल्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'ला गोविंदराव टेंबे यांनी संगीत दिलं, तेव्हा प्रसंग किती लांबीचा आहे हे त्यांना माहीत होतं. गेमच्या संगीतकाराला ते कधीच माहीत नसतं. खेळणारा एका जागी दहा सेकंद राहील किंवा अर्धा तास. म्हणून धून अशी बांधतात की शेवटातून पुन्हा सुरुवात निघावी. झेल्डाची मुख्य धून म्हणूनच प वर संपते आणि प सा कडं ओढतो. स्टेजवर त्या प वर थांबलं की टाळ्या वाजतच नाहीत, लोकांना वाटतं अजून आहे. आवाज हळूहळू कमी करत नेणं हा ध्वनिमुद्रणाचा उपाय, स्टेजवर तो केविलवाणा दिसतो. आपल्याकडं त्याला हुकमी उत्तर आहे: तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. आठ मात्रांच्या केरव्यात शेवटच्या प नंतरच्या आवर्तनात चौथ्या मात्रेवर पधनि, पाचवीवर सां, सहावीवर पधनि, सातवीवर सां, आठवीवर पधनि आणि समेवर सां. ध, नि कोमल. धुनेतलीच धाव, धुनेतलाच स्वर, बाहेरचं काही आणलेलं नाही. बासनं तिन्ही वेळा ध, नि, सा असं चढावं.

हक्कांचं थोडक्यात. कोंडो हयात आहेत आणि भारतीय कायद्यानं रचनेचे हक्क रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतात, त्यामुळं या सगळ्या धुना हक्काखालीच आहेत. शाळेत विद्यार्थी-शिक्षकांनी वाजवलं आणि ऐकणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असले, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात त्याला मोकळीक आहे. लग्नाच्या वरातीलाही आहे. शाहू स्मारक भवनात तिकीट लावून कार्यक्रम करायचा तर ही मोकळीक मिळत नाही. आधी परवाना घ्यावा, आणि कार्यक्रमपत्रिकेत संगीतकाराचं नाव छापावं.

वर्गासाठी क्रम विचाराल तर असा: पहिल्या आठवड्यात पाच स्वरांच्या सहा धुना, नुसत्या स्वरांनी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वादळाची धून दादऱ्यात, तबला किंवा टाळीवर, मग अंगाई, सा बदलून. मुख्य धुनेला दोन्ही कोमल स्वर स्वच्छ लागेपर्यंत हात लावू नये. मूल हट्ट करेलच. पहिली ओळ द्यावी, दुसरी राखून ठेवावी.

आपले,
काही संगीतशिक्षक आणि बँडवादक,
कोल्हापूर